बुडालेल्यांच्या शहरातले संगीत

यंत्रावर रचलेल्या संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : त्यात भाव नसतो. बोलणारा बहुधा गाण्यावर प्रेम करणारा आणि कान तयार असलेला माणूस असतो, त्यामुळे त्याचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. गळ्यातून निघणाऱ्या स्वराला श्वास असतो, तारेवर बोट फिरते तेव्हा त्या क्षणीचा कंप तिच्यात उतरतो. ड्रम मशीनचा ठोका मात्र पहिल्यांदा जसा पडतो तसाच हजाराव्या वेळी पडतो, मग त्यात माणसाचे असे काय उरले, असा त्याचा रोख असतो. टेक्नो या संगीतप्रकाराला तर हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, कारण तिथे बहुतेक वेळा शब्द नसतात, गायक नसतो, आणि पुष्कळदा वाजवणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे की काही दुःखांच्या बाबतीत हे गळा नसणेच सर्वांत प्रामाणिक ठरते, आणि तिथे भाव अधिक खोल जातो तो त्यामुळेच. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या ड्रेक्सिया या जोडीचा १९९९ सालचा ‘नेपच्यून्स लेअर’ हा अल्बम या म्हणण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

ड्रेक्सिया म्हणजे जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. त्यांची पहिली तबकडी १९९२ साली निघाली आणि पुढची दहा वर्षे त्यांनी आपली नावे, चेहरे आणि खासगी आयुष्य यांना संगीतापासून कटाक्षाने दूर ठेवले. मुलाखती अगदी मोजक्या दिल्या. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी सुरू केलेल्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या डेट्रॉइटमधील समूहाशी त्यांचे जवळचे नाते होते, आणि चेहरा लपवून काम पुढे करण्याची रीत त्या समूहाचीही होती. सात वर्षे छोट्या तबकड्या काढल्यानंतर त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला तो बर्लिनच्या ‘ट्रेझॉर’ या क्लबच्या संगीतकंपनीकडून. काटेकोर श्रोता इथे हरकत घेईल की ड्रेक्सियाचे संगीत टेक्नो नसून इलेक्ट्रो आहे, कारण त्याचा ताल सरळ चार मात्रांच्या ठोक्यावर चालत नाही, तो मधेच मोडून पुढे जातो. हरकत खरी आहे. पण डेट्रॉइटने ही भिंत कधी फारशी उंच बांधली नाही, आणि ट्रेझॉरच्या श्रोत्यांनीही बांधली नाही, म्हणून मीही टेक्नो हाच शब्द ठेवतो.

या संगीतामागे एक कथा आहे. १९९७ साली ‘द क्वेस्ट’ या नावाने त्यांच्या तोवरच्या रचनांचा संग्रह निघाला आणि त्यासोबतच्या टिपणात ती कथा प्रथम सविस्तर मांडली गेली. आफ्रिकेतून अमेरिकेकडे गुलाम नेणाऱ्या जहाजांवरून आजारी आणि त्रासदायक ठरलेल्या गरोदर स्त्रियांना समुद्रात फेकून दिले जाई. गर्भ आईच्या पोटात पाण्यातच जगतो, तर मग या स्त्रियांनी समुद्रातच मुलांना जन्म दिला असेल आणि त्या मुलांना हवेची गरजच लागली नसेल, असे का होऊ नये? ड्रेक्सिया हे त्या मुलांच्या वंशजांनी अटलांटिकच्या तळाशी वसवलेले राष्ट्र. टिपणाखाली सही आहे ‘अज्ञात लेखक’ अशी.

कथा कल्पित आहे, पण ती ज्या पाण्यावर उभी आहे ते पाणी कल्पित नाही. इतिहासकारांच्या आजच्या अंदाजानुसार या व्यापाराच्या साडेतीन शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना जहाजांवर चढवण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. मधले १८ लाख त्या प्रवासातच संपले. १७८१ साली ‘झाँग’ नावाच्या इंग्रज जहाजावरून १३०हून अधिक जिवंत माणसे समुद्रात टाकण्यात आली, आणि पिण्याचे पाणी कमी पडत असल्यामुळे ‘माल’ टाकून द्यावा लागला असे सांगून मालकांनी विम्याची भरपाई मागितली. दर माणशी ३० पौंड. १७८३ साली लंडनमध्ये हा दावा चालला, पहिल्या सुनावणीत ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला, नंतर फेरसुनावणीचा आदेश निघाला. पण न्यायालयापुढचा प्रश्न अखेरपर्यंत भरपाई कोणी द्यायची हाच राहिला. खुनाचा खटला कोणावरही भरला गेला नाही. बुडालेल्यांपैकी एकाचेही नाव त्या कागदपत्रांत नाही.

माझ्या युक्तिवादाचा गाभा इथे आहे. जहाजातून जिवंत उतरलेल्यांनी आपली हकिकत सांगितली, काहींनी ती लिहून ठेवली, त्यांच्या वंशजांनी शेतांत आणि देवळांत ती गायली, आणि त्या गाण्यातून अमेरिकेचे अर्धेअधिक संगीत उभे राहिले. जे तळाला गेले त्यांच्यापाशी मात्र कोणतीच हकिकत नाही. त्यांचा शेवटचा शब्द कोणी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला त्यांना ती भाषा समजत नव्हती आणि समजून घ्यायचीही नव्हती. आता त्यांच्यासाठी गायचे झाले तर कोणाच्या गळ्यातून गायचे? गायकाने ‘मी’ म्हणून त्यांचे दुःख गायले, तर तो कितीही तळमळीने गात असला तरी ज्याला कोणी साक्षीदार नव्हता त्या क्षणाचा तो साक्षीदार होऊन बसतो. त्याचा स्वर कापेल, आपले डोळे भरतील, आणि आपल्याला वाटेल की आपण त्या माणसांच्या जवळ पोहोचलो. आपण पोहोचलेले असतो ते त्या गायकाच्या जवळ. स्टिन्सन आणि डोनाल्ड यांनी ती जागा रिकामी ठेवली. त्यांच्या संगीतात बुडणाऱ्याचा आवाज नाही, आक्रोश नाही, विलाप तर कुठेच नाही. आहे तो पाण्याचा दाब, प्रवाह, अंधारातले अंतर, आणि या सगळ्यातून आपल्या गतीने चाललेले एक शहर.

त्या शहराचे सर्वांत लख्ख दर्शन अल्बमच्याही आधी, १९९३ सालच्या ‘बबल मेट्रोपोलिस’ या रचनेत घडते. तिच्यात यंत्रातून गाळून आलेला एक बोलता आवाज आहे. तो ना भाषण करतो ना शोक. तो समुद्रतळावरच्या वाहतूक नियंत्रकाचा आवाज आहे. तो येणाऱ्या नौकेला वेग कमी करायला सांगतो आणि पुढे बांधकाम सुरू आहे, तिथून जपून जा, असे बजावतो. मी ही रचना अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी या साध्या सूचनेशी येऊन थबकतो. ज्यांना मालाच्या यादीतून वजा करून पाण्यात टाकले, त्यांच्या नातवंडांच्या गावात रस्त्याची कामे निघाली आहेत, तिथे वेगमर्यादा आहे, आणि कोणाला इजा होऊ नये म्हणून कोणीतरी कामावर बसून नौकांना सावध करतो आहे. एका नौकेने त्यांच्या पूर्वजांना फेकून दिले; इथे दुसऱ्या नौकेला सुखरूप पार नेले जात आहे. ज्या नागरी आयुष्याचा हक्क त्या बायकांना नाकारला गेला, ते आयुष्य इथे इतके रुळलेले आहे की त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

‘नेपच्यून्स लेअर’मध्ये हे शहर विस्तारते. वीसच्या आसपास रचना, त्यांतल्या पुष्कळ अगदी लहान, काही तर सुरू झाल्या झाल्या संपणाऱ्या. आपण जणू एका घराच्या खिडकीवरून दुसऱ्या घराच्या खिडकीकडे जात असतो. ‘अँड्रेअन सँड ड्यून्स’ ही माझ्या मते यातली सर्वांत सुंदर रचना. तिच्यात एक छोटीशी सुरावट गोल फिरत राहते, तिच्याखाली बेस चालतो, आणि दोहोंच्या मागून लांब, उबदार स्वरगुच्छ येत आणि ओसरत राहतात. चाल वेगाची आहे, तिच्यावर नाचता येते; पण पायांना मिळणारा हा आनंद आणि मनात साचत जाणारी हुरहुर या दोन गोष्टी ती रचना एकाच वेळी घडवते, आणि दोहोंपैकी एकीलाही दुसरीवर मात करू देत नाही. सुरावट बदलत नाही. बदलतो तो तिच्याभोवतीचा प्रकाश, आणि काही मिनिटांनी आपल्या ध्यानात येते की तोच स्वर आपण आता निराळ्या मनाने ऐकत आहोत. पुनरावृत्ती म्हणजे निर्जीवपणा असे ज्यांना वाटते त्यांनी ही रचना शांतपणे, शक्यतो हेडफोन लावून, दोन वेळा ऐकावी. यंत्र तेच ते म्हणत राहते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या मनातले हलणे त्याला स्वतःला जाणवते. ज्या गाण्यात गायकच क्षणाक्षणाला हलत असतो, तिथे आपण त्याच्यामागून जातो. इथे पुढे कोणी नसते, आपल्यालाच चालावे लागते.

मराठी माणसाला तरी या वादाची ओळख असायला हवी, कारण पेटीच्या रूपाने तो आपल्या दारात येऊन गेला आहे. हार्मोनियम परदेशी, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही, तिच्या ठरावीक पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत, सबब ती आपल्या संगीतातला जीव घेते, असे मोठमोठ्या जाणकारांनी म्हटले आणि १९४० ते १९७१ अशी सुमारे तीन दशके आकाशवाणीवर तिला बंदी होती. तांत्रिक आक्षेप खरे होते. पेटीवर मींड खरेच निघत नाही. तरीही संगीत नाटकाच्या प्रेक्षकांना गोविंदराव टेंबे यांच्या पेटीत भाव ऐकू येत होता, कारण वाद्याला काय करता येत नाही यावरून भाव ठरत नाही; वाजवणाऱ्याने काय निवडले आणि काय टाळले यावरून तो ठरतो. ड्रेक्सियाच्या ठोक्यांत ज्याचा नाद ओळखू येतो त्या रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचीही कथा अशीच आहे. १९८० ते १९८३ या काळात त्याचे सुमारे १२,००० नग निघाले. ते खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून फसलेले उत्पादन ठरले, जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागले, आणि ज्यांना महाग वाद्ये परवडत नव्हती अशा तरुणांच्या हाती पडले. तेच ८०८ वापरून मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारित एक आख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला होता आणि तोही तेव्हा कोणी फारसा ऐकला नाही. ८०८चा बेस ड्रम चामड्याची नक्कल करत नाही. तो एक खोल, घुमणारा, हळूहळू विरत जाणारा नाद आहे. पाण्याखाली ऐकू येणाऱ्या ठोक्याला याहून जवळचे दुसरे वाद्य मला सुचत नाही.

आणि डेट्रॉइट. फोर्डने १९१३ साली सरकती जोडसाखळी सुरू केली ती याच परिसरातल्या हायलँड पार्कमध्ये, आणि दक्षिणेकडच्या शेतांवरून कृष्णवर्णीय कुटुंबे इथे आली ती मोटारींच्या कारखान्यांतल्या कामासाठी. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २००० सालापर्यंत ती साडेनऊ लाखांवर आली. १९६७च्या वांशिक उद्रेकात ४३ माणसे मेली, १९७२ साली मोटाउन ही संगीतकंपनी शहर सोडून लॉस एंजेलिसला गेली. टेक्नोची सुरुवात करणारे हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन आणि त्यांच्यामागून आलेली ड्रेक्सियाची पिढी यांनी यंत्राने घडवलेले आणि यंत्राने रिकामे केलेले असे दोन्ही डेट्रॉइट पाहिले होते. अशा माणसांनी यंत्र हाती घेतले तेव्हा ते भावनेपासून पळ काढण्यासाठी घेतले असे मानणे मला केवळ अज्ञानाचे वाटते.

दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत. पहिला असा की भाव संगीतात नाहीच, तो टिपणातून येतो. गुलामांच्या जहाजांची गोष्ट वाचली की कोणतेही घुमणारे संगीत करुण वाटू लागेल. मी स्वतः हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला या कथेतले काहीही ठाऊक नव्हते. तरीही काही रचनांनी मला अशा जागी नेले की मी दिवा लावायला उठलो नाही, अंधारातच बसून राहिलो. काहीतरी हरवले आहे आणि ते परत येणार नाही, पण त्याच्या जागी दुसरे काही जिवंत आहे, असे त्या स्वरांतून जाणवत होते. काय हरवले ते ठाऊक नव्हते. कथा नंतर कळली. भाव स्वरांनी आधीच दिलेला होता, टिपणाने त्याला पत्ता दिला. शिवाय कोणतेही टिपण कोणत्याही संगीताला चिकटवता येते हे खरे नाही. पोकळ संगीतावर थोर कथा चढवली की ती चारच दिवसांत ओघळून पडते, आणि अशी उदाहरणे इलेक्ट्रॉनिक संगीतात हवी तेवढी आहेत.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्यांचा खून झाला त्यांना समुद्रतळाशी सुखाचे शहर देणे म्हणजे त्या खुनाला गोड करणे नव्हे काय? ज्यांचे काहीच झाले नाही, जे केवळ मेले, त्यांच्याविषयी सुंदर कल्पना रचून आपण आपलीच सुटका करून घेत नाही ना? हा धोका खराच आहे आणि या कथेवरून पुढे निर्माण झालेल्या काही कामांत तो जाणवतो. पण ड्रेक्सियाच्या संगीतात हे शहर सुखाचे कधीच नव्हते. १९९५ सालच्या त्यांच्या तबकडीचे नाव ‘ॲक्वॅटिक इन्व्हेजन’ आहे, म्हणजे पाण्यातून वर येणारे आक्रमण. त्या वंशजांना हिशेब ठाऊक आहे आणि तो त्यांनी सोडलेला नाही. ‘नेपच्यून्स लेअर’मध्येच ‘रनिंग आउट ऑफ स्पेस’ आहे, जागा संपत चालल्याची धाप लागलेली छोटी रचना, आणि ‘ड्रिफ्टिंग इन्टू अ टाइम ऑफ नो फ्यूचर’ आहे, जिच्या नावातच भविष्य नसलेल्या काळाकडे वाहत जाणे आहे. सांत्वन देणारे संगीत असे वागत नाही. ते मृतांना परत आणल्याचा दावा करत नाही; त्यांना जे मिळायला हवे होते त्याचा आकार तेवढा ते दाखवते, आणि तो आकार जितका नीट दिसतो तितका गुन्हा मोठा दिसतो.

हे संगीत टिकले तेही याच कारणाने, असे मी समजतो. नृत्यसंगीताचे आयुष्य एरवी एका हंगामाचे असते. ३ सप्टेंबर २००२ रोजी जेम्स स्टिन्सन वारला आणि ड्रेक्सिया हे नाव तिथेच थांबले. पण त्यांच्या तबकड्या पुन्हापुन्हा निघत राहिल्या, आणि संगीताबाहेरची माणसेही त्या पाण्यात उतरली. चित्रकार एलेन गॅलघर यांची ‘वॉटरी एक्स्टॅटिक’ ही चित्रमाला, लंडनच्या ‘ऑटोलिथ ग्रुप’चा २०१० सालचा चित्रपट, क्लिपिंग या रॅप समूहाचे गाणे आणि त्या गाण्यावरून रिव्हर्स सॉलोमन यांनी लिहिलेली २०१९ सालची लघुकादंबरी, डेट्रॉइटचेच चित्रकार अब्दुल कादिम हक यांचे चित्ररूप पुस्तक, या सगळ्यांचा उगम त्या दोघांच्या संगीतात आहे. जिथे शब्द नव्हते तिथे इतरांना शब्द लिहावेसे वाटले, कारण जागा मोकळी होती. सगळे सांगून टाकणाऱ्या कलाकृतीत दुसऱ्याला बसायला जागा उरत नाही.

मार्च २०२४मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. त्याचा मला आनंद झाला. ट्रेझॉरसारख्या जागा नसत्या तर ‘नेपच्यून्स लेअर’ कदाचित निघालाच नसता, आणि भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनने डेट्रॉइटच्या कलावंतांना जे कान दिले ते त्यांच्या स्वतःच्या देशाने दिले नाहीत. पण क्लब, रात्री आणि गर्दी यांना वारसा म्हणताना ज्यांनी हे संगीत घडवले त्यांची स्मृती त्यात कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे. टेक्नो म्हणजे रात्रभर नाचण्याची एक रीत एवढेच त्या यादीतून लोकांपर्यंत पोहोचले, तर भाव नसतो हा आपल्याकडचा गैरसमज तिथूनही पक्का होईल. माझी मागणी साधी आहे : ज्या गांभीर्याने आपण एखाद्या महाकाव्याकडे किंवा शोकगीताकडे पाहतो त्याच गांभीर्याने या अल्बमकडे पाहावे, संगीताच्या अभ्यासक्रमांत तो यावा, गुलामगिरीच्या इतिहासाविषयी बोलताना त्याचे नाव निघावे, आणि हे करताना त्याच्याकडून शब्दांची अपेक्षा ठेवू नये.

‘द क्वेस्ट’सोबतच्या त्या टिपणात चार नकाशे आहेत. पहिला गुलामांच्या व्यापाराचा, १६५५ ते १८६७. दुसरा गावाकडच्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या उत्तरेतील शहरांकडे झालेल्या स्थलांतराचा, १९३० आणि १९४०ची दशके. तिसरा डेट्रॉइटमधून जगभर गेलेल्या टेक्नोचा, १९८८. जहाज, आगगाडी आणि तबकडी यांचे मार्ग अशा रीतीने एकाच प्रवासाचे टप्पे म्हणून मांडलेले मी इतरत्र कुठे पाहिलेले नाहीत. चौथ्या नकाशाचे नाव आहे ‘घराकडचा प्रवास’, आणि त्याच्याखाली सालाच्या जागी ‘भविष्य’ एवढाच शब्द आहे.